मिशिगनमध्ये पाहुणा म्हणून गळ टाकताना: परराज्यातून आलेल्यांनी मासेमारीचा परवाना कसा काढावा

लडिंग्टन गावाचा बांध मिशिगन सरोवरात जवळजवळ अर्धा मैल आत गेलेला आहे आणि त्याच्या टोकाला पांढरा दीपस्तंभ उभा आहे. ऑगस्टच्या अखेरीस चिनूक जातीचे सॅमन किनाऱ्याजवळ येऊ लागतात, तेव्हा पहाटेपासून या बांधावर गळ टाकणाऱ्यांची रांग लागते. काही वर्षांपूर्वी मी शिकागोजवळच्या घरून माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, तेथे घेऊन गेलो होतो. परवाना माझ्या एकट्याच्या नावावर होता, कारण अण्णा ‘नुसते बघायला’ येणार होते. थर्मासमधून चहा ओतण्यासाठी मी गळाची काठी दोन मिनिटे त्यांच्या हाती दिली. गुहागरच्या खाडीत गरवण्यात ज्यांचे बालपण गेले, त्या माणसाच्या हातात काठी आली की ती स्वस्थ राहत नाही. त्यांनी दोरी गुंडाळली, पुन्हा लांब फेकली, आणि नेमके तेव्हाच मागून एका अधिकाऱ्याने नम्रपणे विचारले, “सर, तुमचा परवाना पाहू का?”

त्या दिवशी समज देण्यावर भागले आणि दहा डॉलरचा एक दिवसाचा परवाना मी तेथेच फोनवर काढला. खरे तर परवाना काढणे ही या सगळ्यातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. चूक होते ती कडेकडेच्या प्रश्नांत: मासेमारी कशाला म्हणायचे, रहिवासी कोणाला म्हणायचे आणि समोरचे पाणी कोणाचे मानायचे. म्हणून या लेखात अर्जापेक्षा या प्रश्नांना अधिक जागा दिली आहे. अमेरिकेत मासेमारीचे नियम प्रत्येक राज्य स्वतंत्रपणे ठरवते, त्यामुळे सर्व राज्यांना लागू पडेल असा एकच सल्ला देणे शक्य नाही. इलिनॉय, इंडियाना आणि ओहायो येथील मराठी कुटुंबे उन्हाळ्यात मोठ्या संख्येने मिशिगनला जातात, तेव्हा उदाहरण मिशिगनचेच घेतले आहे.

आधी ठरवा: तुम्ही रहिवासी की पाहुणे

मिशिगनच्या रहिवाशाला वर्षभराचा परवाना 26 डॉलरला मिळतो आणि परराज्यातील माणसाला तोच 76 डॉलरला पडतो. हे दरपत्रक 2014 साली लागू झाले. त्यात कधीही बदल होऊ शकतो, म्हणून पैसे भरण्यापूर्वी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या, म्हणजे डीएनआरच्या, संकेतस्थळावर चालू दर पाहावा.

जवळजवळ तिपटीचा हा फरक पाहून पुष्कळांना तो अन्यायाचा वाटतो. हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचलेला आहे. साउथ कॅरोलायना राज्य कोळंबी धरणाऱ्या स्थानिक होडीकडून 25 डॉलर आणि बाहेरच्या होडीकडून 2,500 डॉलर घेत असे, ते न्यायालयाने 1948 साली रद्द ठरवले, कारण तेथे प्रश्न पोटापाण्याच्या धंद्याचा होता. पुढे 1978 साली मोंटाना राज्यातील शिकारीच्या परवान्याचे प्रकरण आले. तेथे एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीचा समावेश असलेला परवाना रहिवाशाला 30 डॉलरला, तर परराज्यातील शिकाऱ्याला 225 डॉलरला मिळत होता. हौसेखातर केलेली शिकार हा मूलभूत हक्क नसल्याचे सांगून न्यायालयाने तो फरक मान्य केला. याच तत्त्वावर हौशी मासेमारीतही पाहुण्याला जास्त दर लावता येतो.

रहिवासी कोण, याचे मिशिगनमधील उत्तर असे आहे: ज्याचे कायमचे घर राज्यात आहे आणि ज्याचा तेथेच राहण्याचा हेतू आहे, तो रहिवासी. राज्यातील महाविद्यालयात किंवा विद्यापीठात पूर्णवेळ शिकणारा आणि शैक्षणिक वर्षात तेथेच राहणारा विद्यार्थीही रहिवासी धरला जातो. म्हणजे ॲन आर्बरला किंवा हॉटनला शिकणारी तुमची भाची 26 डॉलर भरेल, आणि इंडियानातील पर्ड्यू विद्यापीठात शिकणारा तिचा भाऊ तिच्याकडे चार दिवस आला तर त्याला पाहुण्याचा दर पडेल. केवळ जमीन किंवा सुट्टीचे घर विकत घेतल्याने कोणी रहिवासी होत नाही, हे डीएनआरच्या नियमपुस्तिकेत मुद्दाम लिहिलेले आहे. तीन महिन्यांच्या प्रकल्पासाठी ट्रॉय किंवा नोव्हाय येथे भाड्याच्या खोलीत राहणारा संगणक अभियंता, त्याचे बस्तान न्यू जर्सीतच असेल तर, पाहुणाच ठरतो. भारतातून आलेले आई-वडीलही याच रांगेत येतात. परदेशी माणसासाठी वेगळा, महाग दर नाही, परंतु 65 वर्षांवरील व्यक्तींना मिळणारा 11 डॉलरचा सवलतीचा परवाना केवळ रहिवाशांसाठी असल्यामुळे अडुसष्ट वर्षांच्या अण्णांना त्याचा काही उपयोग नव्हता.

पन्नास डॉलर वाचवण्यासाठी मिशिगनमधल्या मित्राचा पत्ता देण्याचा मोह कोणाला झाला, तर त्याने तो वेळीच आवरावा. खोटी माहिती देऊन परवाना घेणे हा गुन्हा आहे, आणि व्हिसावर राहणाऱ्यांसाठी त्याचे परिणाम दंडाच्या पावतीपुरते राहत नाहीत. नागरिकत्वासाठीच्या एन-400 या अर्जात, पोलिसांनी किंवा अन्य अधिकाऱ्याने तुम्हाला कधी अटक केली होती का अथवा तुमच्यावर लेखी कारवाई केली होती का, असे विचारले जाते. तेथे एका माशाची कथा लिहीत बसण्याची वेळ येऊ नये.

परवाना कोणाकोणाला लागतो

वयाची 17 वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला परवाना लागतो. त्याहून लहान मुलांना तो लागत नाही, मात्र माशाचा आकार, संख्या आणि हंगाम यांचे नियम त्यांनाही पाळावे लागतात. येथे एक तरतूद अशी आहे की जी बहुतेक पालकांना ठाऊक नसते. परवाना नसलेल्या मुलाला जो प्रौढ माणूस प्रत्यक्ष मदत करतो, त्याच्याकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. आठ वर्षांच्या मुलीसाठी काठी आणून देऊन तुम्ही बाकावर बसून राहिलात तर प्रश्न नाही, परंतु तिच्या वतीने गळ फेकू लागलात किंवा ओढ लागल्यावर दोरी गुंडाळू लागलात की तुम्ही मासेमारी करत असता. एका कुटुंबात दोन लहान मुले आणि त्यांना शिकवणारे दोन पालक असतील, तर दोन्ही पालकांचे परवाने काढणे श्रेयस्कर.

मासा घरी न नेता लगेच पाण्यात सोडणार असलात, तरी परवाना लागतो. भाड्याच्या चार्टर बोटीवर जाणार असलात, तरी प्रत्येक प्रौढ प्रवाशाला स्वतःचा परवाना काढावा लागतो, कारण कप्तानाचा परवाना त्याच्या धंद्यासाठी असतो, तुमच्या गळासाठी नाही. बोटी पहाटे अंधारात सुटतात, तेव्हा हे काम आदल्या रात्री उरकून ठेवावे.

वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत प्रेसिडेंट्स डेच्या शनिवार-रविवारी आणि एकदा जूनमध्ये, मिशिगन राज्य परवान्याविना मासेमारी करू देते. ही मुभा परराज्यातील लोकांनाही आहे. जो केवळ चव घेऊन पाहणार आहे, त्याने जूनचा तो शनिवार-रविवार गाठावा. फेब्रुवारीत बर्फाला भोक पाडून बसावे लागते, आणि त्यासाठी अनुभवी माणूस सोबत असल्याशिवाय जाऊ नये.

एक दिवस की वर्ष

पाहुण्यांसाठी दोनच पर्याय महत्त्वाचे आहेत: दिवसाला 10 डॉलरचा परवाना आणि 76 डॉलरचा वार्षिक परवाना. सात दिवसांचे 70 डॉलर होतात आणि आठव्या दिवशी वार्षिक परवाना स्वस्त पडतो. वार्षिक परवान्याचे वर्ष 1 मार्चला सुरू होऊन पुढील वर्षीच्या 31 मार्चला संपते, म्हणजे मार्चच्या आरंभी घेतलेला परवाना तेरा महिने चालतो आणि ऑक्टोबरात घेतलेला जेमतेम सहा. वर्षभरात दोन-तीन लांब सहली ठरलेल्या असतील तर वार्षिक परवाना लवकर घ्यावा. एकच शनिवार-रविवार असेल तर दोन दिवसांचे वीस डॉलर भरून मोकळे व्हावे. दोन्ही प्रकारच्या परवान्यांत सर्व जातींचे मासे येतात, ट्राउट किंवा सॅमनसाठी वेगळा शिक्का घ्यावा लागत नाही. अन्य काही राज्यांत असे नाही, म्हणून मिशिगनचा अनुभव घेऊन तुम्ही शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये गेलात तर तेथे ट्राउटसाठी वेगळे पैसे भरावे लागतात, हे लक्षात असू द्यावे.

प्रत्यक्ष परवाना काढताना

परवाना तीन मार्गांनी मिळतो: डीएनआरच्या संकेतस्थळावर, डीएनआरच्या शिकार आणि मासेमारीविषयक मोबाइल ॲपमधून, किंवा दुकानाच्या काउंटरवर. मायर आणि वॉलमार्टसारखी मोठी दुकाने, खेळाच्या सामानाची दुकाने आणि आमिष विकणारी छोटी दुकाने हे परवाने देतात. ऑनलाइन शोध घेतल्यावर पहिल्या दोन-चार ओळींत खासगी संकेतस्थळे दिसतात. ती सरकारी असल्यासारखी सजवलेली असतात आणि ‘मार्गदर्शनासाठी’ वेगळे पैसे उकळतात, म्हणून पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही’ आहे ना, हे तपासूनच कार्डाचा क्रमांक द्यावा.

ज्याच्याकडे मिशिगनचे ड्रायव्हिंग लायसन्स किंवा ओळखपत्र नाही, त्याला प्रथम डीएनआरचे स्पोर्टकार्ड घ्यावे लागते. हे कार्ड म्हणजे केवळ ओळख क्रमांक आहे. त्यावर मासे धरता येत नाहीत, परंतु त्याच्याशिवाय पुढचा परवाना निघत नाही. पहिल्या खरेदीतच ते तयार होते आणि पुढच्या वर्षी तोच क्रमांक चालतो, म्हणून तो लिहून ठेवावा. नाव पासपोर्टवर किंवा तुमच्या राज्याच्या लायसन्सवर जसे छापले आहे अगदी तसेच द्यावे. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते आणि निरनिराळ्या कागदांवर ते निरनिराळ्या प्रकारे छापलेले असते. बांधावर अधिकारी परवान्यासोबत ओळखपत्रही मागतो, तेव्हा दोन्हींवरील नाव एकच असलेले बरे.

अर्जात सोशल सिक्युरिटी क्रमांक का विचारला जातो, असा प्रश्न हमखास पडतो. मुलांच्या पोटगीची वसुली कडक करण्यासाठी संसदेने 1996 साली केलेल्या आणि 1997 साली दुरुस्त केलेल्या कायद्यानुसार, राज्यांनी हौशी परवान्यांच्या अर्जांवरही हा क्रमांक नोंदवून घ्यावा असे ठरले, कारण पोटगी थकवणाऱ्याचा परवाना अडवता यावा असा त्यामागील हेतू होता. म्हणजे ही विचारणा फसवणुकीची खूण नाही, मात्र क्रमांक सरकारी संकेतस्थळावरच द्यावा. पर्यटक व्हिसावर आलेल्या आई-वडिलांकडे असा क्रमांक नसतो. त्यांच्यासाठी ऑनलाइन फॉर्मशी झटापट करण्याऐवजी मूळ पासपोर्ट घेऊन दुकानाच्या काउंटरवर जावे. गावातील आमिषाच्या दुकानात गेलात तर कोणत्या धक्क्यावर काल काय लागले, हेही कळते, आणि ती माहिती कोणत्याही ॲपपेक्षा ताजी असते.

परवाना कागदावर छापून किंवा फोनवर जवळ बाळगता येतो. राज्याच्या उत्तरेकडील अप्पर पेनिन्सुला या द्वीपकल्पात मैलोन्‌मैल फोनला रेंज नसते, तेव्हा छापील प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून खिशात ठेवणे चांगले. संवर्धन अधिकाऱ्याने, आदिवासी जमातीच्या संवर्धन अधिकाऱ्याने किंवा कोणत्याही पोलिसाने मागितल्यास परवाना आणि ओळखपत्र दाखवणे बंधनकारक आहे.

समोरचे पाणी कोणाचे

मिशिगनच्या हद्दीतील आतल्या तळ्यांना आणि नद्यांना जो परवाना चालतो, तोच महासरोवरांच्या मिशिगनकडील भागालाही चालतो. पण सरोवराच्या पाण्यातही राज्यांच्या सीमा असतात. डेट्रॉइट नदी आणि सेंट क्लेअर सरोवर यांच्या मधून तर देशाचीच सीमा जाते. पलीकडच्या अर्ध्या पाण्यात गळ टाकायचा असेल तर ऑन्टॅरिओ प्रांताचा परवाना लागतो, आणि होडी सीमेपलीकडे नेणे हा व्हिसाचाही प्रश्न होऊ शकतो. भाड्याची छोटी होडी घेऊन गेलेल्या पाहुण्याने अमेरिकेच्या बाजूलाच राहावे, हे उत्तम.

राष्ट्रीय उद्यानांच्या बाबतीत घोटाळा अधिक होतो. स्लीपिंग बेअर ड्यून्स आणि पिक्चर्ड रॉक्स या दोन्ही ठिकाणांची व्यवस्था केंद्र सरकारकडे आहे, तरी तेथे मिशिगनचाच परवाना लागतो. सुपीरिअर सरोवरातील आयल रॉयल बेटावर मात्र गंमत आहे. बेटाच्या पोटातील तळ्यांत परवाना लागत नाही आणि बेटाभोवतीच्या सरोवरात तो लागतो. याउलट यलोस्टोन उद्यानात कोणत्याही राज्याचा परवाना चालत नाही, तेथे उद्यानाचा स्वतंत्र परवाना काढावा लागतो. तात्पर्य, उद्यान बदलले की नियम पुन्हा वाचावे. राज्य उद्यानातील धक्क्यापर्यंत गाडी नेण्यासाठी रिक्रिएशन पासपोर्ट नावाचा वेगळा पास लागतो आणि तो मासेमारीच्या परवान्यात धरलेला नाही.

परवाना मिळाला, आता मासा

परवाना हातात आला म्हणजे हवा तो मासा हव्या त्या दिवशी धरता येतो, असे नाही. डीएनआरची नियमपुस्तिका ऑनलाइन फुकट मिळते. तिच्यात प्रथम आपल्या पाण्याचे नाव शोधावे आणि मग माशाचे, कारण राज्यभराचा नियम आणि एखाद्या तळ्याचा नियम वेगळे असू शकतात. वॉलाय हा खायला उत्कृष्ट मासा राज्यात सर्वसाधारणपणे 15 इंचांचा असावा लागतो आणि दिवसाला पाच घेता येतात, पण सॅगिनॉ उपसागरात 13 इंचांचे आठ घेता येतात. राज्याच्या दक्षिणेकडील लोअर पेनिन्सुला या भागातील आतल्या पाण्यात त्याचा हंगाम एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उघडतो आणि अप्पर पेनिन्सुलात 15 मेला. पिवळा पर्च पूर्वी दिवसाला 50 घेता येत असत, 2019 साली ती मर्यादा 25 वर आणली गेली. ग्रेलिंग गावाजवळच्या ओ सेबल नदीच्या एका प्रसिद्ध पट्ट्यात तर आमिष म्हणून केवळ कृत्रिम माशी वापरता येते आणि धरलेला प्रत्येक ट्राउट सोडून द्यावा लागतो. याच नदीकाठी 1959 साली ट्राउट अनलिमिटेड ही ट्राउटच्या संवर्धनासाठी झटणारी संस्था स्थापन झाली, तेव्हा तेथील नियम कडक असण्यात नवल नाही.

मोजताना माशाचे तोंड मिटून, शेपटीची दोन्ही टोके एकत्र दाबून, सपाट पट्टीवर ठेवून मोजावे. अर्धा इंच कमी भरला तर सोडून द्यावा, पट्टीवर शेपटी ताणत बसू नये. पाण्यावर असताना किंवा काठावर मासेमारी चालू असताना माशाचे डोके-शेपूट कापून तुकडे करू नयेत, कारण मग त्याची जात आणि लांबी तपासता येत नाही. आपल्याकडे होडीतच मासा साफ करण्याची सवय असते, ती येथे अडचणीत आणते. एका माणसाला जास्तीत जास्त तीन गळ एका वेळी टाकता येतात. आकडा तोंडात न लागता पाठीत किंवा पोटात अडकला, तर तो मासा परत सोडावा लागतो. उरलेले जिवंत आमिष पाण्यात ओतू नये, आणि होडी बाहेर काढल्यावर तिचे बूच उघडून सगळे पाणी तेथेच काढून टाकावे, कारण एका तळ्यातील उपद्रवी जीव दुसऱ्या तळ्यात जाऊ नयेत यासाठी 2019 पासून हा कायदाच आहे.

हौशी परवान्यावर धरलेला मासा विकता येत नाही. मंडळाच्या गणेशोत्सवात सहा-सात सॅमन आणून कोणाला ‘खर्चापुरते पैसे द्या’ म्हणणे हीदेखील विक्रीच झाली. नियम मोडून धरलेला मासा गाडीत घालून इलिनॉयला नेला, तर 1900 सालचा लेसी कायदा लागू होऊन प्रकरण केंद्राच्या अखत्यारीत जाऊ शकते. शिवाय बहुतेक सर्व राज्यांमध्ये असा करार आहे की एका राज्याने परवाना निलंबित केला तर दुसरी राज्येही तो मानतात, म्हणजे मिशिगनमध्ये केलेली आगळीक कोलोरॅडोच्या सहलीत आडवी येऊ शकते.

पाहुण्याने परवाना काढल्याने राज्याला काय मिळते, हेही थोडे सांगायला हवे. मिशिगनचे खासदार जॉन डिंगेल आणि कोलोरॅडोचे सिनेटर एडविन जॉन्सन यांनी आणलेल्या 1950 सालच्या कायद्यानुसार, गळाच्या सामानावरील कर गोळा होऊन राज्यांना वाटला जातो. वाटपाचा 60 टक्के भाग परवानाधारकांच्या संख्येवर आणि 40 टक्के भाग क्षेत्रफळावर ठरतो, आणि परवान्यांचे पैसे अन्य खात्यांकडे वळवणार नाही असा कायदा केलेल्या राज्यालाच हा निधी मिळतो. लडिंग्टनच्या बांधावर जो सॅमन लागतो, तो मूळचा पॅसिफिक महासागराचा. सरोवरात बेसुमार वाढलेल्या एलवाइफ नावाच्या छोट्या माशांना आवर घालण्यासाठी राज्याने 1966 साली कोहो आणि 1967 साली चिनूक जातीची पिल्ले सोडली, आणि आजही राज्याच्या मत्स्यबीज केंद्रांतून पिल्ले सोडली जातात. ओढ लागली की त्या दहा डॉलरचे दुःख राहत नाही, एवढे मी अण्णांच्या चेहऱ्यावरून सांगू शकतो.

घरी आल्यावर शिजवण्यापूर्वी राज्याच्या आरोग्य विभागाची ‘ईट सेफ फिश’ ही पुस्तिका उघडावी. महासरोवरांतील मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबी नावाची रसायने साठतात आणि मांसात पारा असू शकतो. कोणत्या पाण्यातला, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, याचे तक्ते त्या पुस्तिकेत आहेत, आणि गर्भवती स्त्रिया व लहान मुले असलेल्या घरात ते पाहणे आवश्यक आहे. पीसीबीचे प्रमाण कमी करण्यासाठी कातडी आणि पाठीची, पोटाकडची चरबी काढून टाकावी व मासा जाळीवर भाजावा, म्हणजे उरलेली चरबी गळून जाते. पारा मात्र शिजवूनही जात नाही, त्याच्यासाठी कमी खाणे एवढाच उपाय. डोक्याचे सार आणि गाबोळी हे कोकणी माणसाचे जीव की प्राण, पण मोठ्या सॅमनच्या बाबतीत दोन्हींचा मोह सोडावा. अण्णांनी पुढच्या वर्षी, स्वतःच्या परवान्यावर, बारा पर्च धरले. छोट्या पर्चमध्ये चरबी थोडीच असते, तेव्हा तक्ता पाहून ते निर्धास्तपणे रव्यात घोळवून तव्यावर टाकले.